बेस गिटार ऐकायची कशी?

चार मित्र गाणं ऐकत बसले की गायकाच्या आवाजाबद्दल बोलणं होतं, शब्दांबद्दल होतं, फार तर मधल्या गिटारच्या तुकड्याला दाद मिळते. बेस गिटारबद्दल सहसा कुणी बोलत नाही. पण तेच गाणं बेसशिवाय ऐकवलं, तर काहीतरी हरवलंय हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. काय हरवलंय, हे मात्र सांगता येत नाही. बेस आपल्या कानांवर पडत असतो, आपल्याला हलवत असतो. आपण तो वेगळा काढून ऐकलेला नसतो, इतकंच.

तो वेगळा ऐकू येणं ही कुणाला मिळालेली देणगी नव्हे. ती कानाला लावून घ्यायची सवय आहे, आणि योग्य क्रमाने गाणी ऐकली तर कुणालाही लागते. त्यासाठी पाश्चात्त्य संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. सा आणि प ओळखता आले आणि टाळी धरून मात्रा मोजता आल्या, की पुरे. पुढे दिलेला क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका बैठकीत सगळं उरकू नका. एका दिवशी एकच गाणं घ्या आणि तेच तीन-चारदा ऐका.

आधी साधन नीट करा

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा स्वर काढता येत नाही. त्या स्वराचे वरचे सहस्वर तेवढे बाहेर येतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो. म्हणून मोबाइल टेबलावर ठेवून बेसचा अभ्यास करायला बसू नका. कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन किंवा कानात नीट बसणारे इअरफोन घ्या. ते महागडे असण्याची गरज नाही.

दुसरी सूचना महत्त्वाची आहे. ‘बेस बूस्ट’ नावाची सोय असेल तर ती बंद करा. तिने आवाज भरदार होतो, पण एक स्वर दुसऱ्यात मिसळतो आणि नुसती घुमघुम उरते. आपल्याला दणका नकोय, स्वर हवेत. आवाजही बेताचाच ठेवा.

बेसचं काम समजून घ्या

आपल्या मैफलीत तानपुरा एकच सा धरून बसतो आणि गायक त्याच्याभोवती फिरतो. पाश्चात्त्य गाण्यात हा खालचा आधारच जागा बदलत राहतो. बेस गिटार खाली कोणता स्वर धरते, त्यावर वरच्या सगळ्या स्वरांचा अर्थ ठरतो.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. एखादा छोटा कीबोर्ड घ्या. पेटी असेल तर भाता दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायला सांगा. पांढरी एकचा सा धरा. उजव्या हाताने सा, ग, प एकत्र दाबून ठेवा. आता डाव्या हाताने मंद्र सप्तकातला सा वाजवा. सगळं स्थिर वाटेल, घरी पोहोचल्यासारखं. उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने मंद्र ग वाजवा. तेच स्वर आता अधांतरी लटकल्यासारखे वाटतील, पुढे कुठेतरी जायला हवं असं वाटेल. आता मंद्र ध वाजवा. उजवा हात जागचा हललेला नाही, तरी त्या स्वरांवर उदासीची छटा येईल. खालचा एक स्वर बदलून वरच्या तीन स्वरांचा भाव बदलण्याची ही ताकद ज्याच्या हातात असते, तो बेसिस्ट.

त्याचं दुसरं काम लयीचं. ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ज्याला वादक ‘किक’ म्हणतात, तो आणि बेस यांची जोडी असते. बेस किकबरोबर पडतो, किंचित मागे रेंगाळतो की मधल्या रिकाम्या जागेत येतो, यावर गाण्याची चाल ठरते.

ऐकायची पद्धत

प्रत्येक गाणं या तीन पायऱ्यांनी ऐका.

पहिल्यांदा ऐकताना फक्त बेसबरोबर गुणगुणा. तितक्या खालच्या सुरात गाता येणार नाही, म्हणून एक सप्तक वर गा. जे गुणगुणता येतं, ते ऐकू आलेलं असतं. ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे.

दुसऱ्यांदा हाताने मात्रा धरा आणि बेस कुठे थांबतो ते पाहा. स्वर किती वेळ टिकतो आणि कुठे तोडला जातो, यात वादकाची अर्धी कला असते.

तिसऱ्यांदा गायकाकडे लक्ष द्या आणि गायक श्वास घेतो तेव्हा बेस काय करतो ते टिपा. चांगला वादक तिथेच बोलतो.

सुरुवात इथून करा

पहिलं गाणं शिक या बँडचं ‘गुड टाइम्स’, साल १९७९. बेसवर बर्नार्ड एडवर्ड्‌स. एकाच स्वराचे तीन ठाम ठोके, मग क्षणभराचा विराम आणि मग वर चढत जाणारी ओळ. तो विराम नीट ऐका. नाचणाऱ्याचं पाऊल तिथेच उचललं जातं. त्याच वर्षी शुगरहिल गँगने याच बेसलाइनवर ‘रॅपर्स डिलाइट’ उभं केलं आणि हिपहॉप अमेरिकाभर घरोघरी पोहोचलं.

त्याला जोडून क्वीनचं ‘अनदर वन बाइट्‌स द डस्ट’ ऐका. १९८० सालचं हे गाणं बँडचा बेसिस्ट जॉन डीकन याने लिहिलं. ‘गुड टाइम्स’शी त्याचं नातं कानाला लगेच कळतं, पण डीकनने ओळ आणखी कोरडी केली आहे. स्वर इतके थोडे आहेत, की दोनदा ऐकल्यावर तुम्हीही ती ओळ गाऊ शकाल. बेसिस्टच्या संयमाचा हा उत्तम धडा आहे.

तिसरं मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’, १९८२ च्या ‘थ्रिलर’ अल्बममधलं. बेसवर लुई जॉन्सन. आधी ड्रम्स येतात, मग बेस. इथे विराम जवळजवळ नाहीच. चार मात्रांत आठ समान स्वर, आणि ते आठही सा, कोमल नी, प आणि म या चारच स्वरांतून आलेले. सा सोडला तर सगळे मंद्रातले. ओळ खाली उतरते, वर येते, पुन्हा उतरते आणि न थांबता चालू राहते. हे चार स्वर पेटीवर शोधून ओळ स्वतः बसवून पाहा. पाश्चात्त्य बेस आपल्या सरगमच्या आवाक्यात आहे, याची खात्री त्यातून पटेल.

जेम्स जेमर्सन: इथे थांबून ऐका

या वाद्याचा एकच वादक ऐकायला वेळ असेल, तर तो जेम्स जेमर्सन असावा, असं मी ठामपणे सांगेन.

इलेक्ट्रिक बेस गिटार फार जुनी नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली ती १९५१ मध्ये. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस करत असे. नव्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे स्वर अचूक लागे. ते खांद्याला अडकवता येई आणि ॲम्प्लिफायरमुळे ड्रम्सच्या आवाजात बुडत नसे. पण या वाद्यावर काय वाजवायचं, हे कुणीतरी शोधून काढायला हवं होतं. ते काम सर्वांत जास्त जेमर्सनने केलं.

त्याचा जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलायनाचा. डेट्रॉइटला आल्यावर शाळेत तो उभा बेस शिकला. मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या वादकसंचात, फंक ब्रदर्समध्ये, आला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात मोटाउनचा स्टुडिओ होता. तिथे १९६२ सालच्या प्रिसिजन बेसवर त्याने शेकडो गाणी वाजवली. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तो वापरायचा. त्या बोटाला ‘हुक’ असं नाव पडलं होतं. तारा जाड आणि गुळगुळीत वेटोळ्याच्या असत आणि त्या बदलायला तो तयार नसे. त्यामुळे त्याचा स्वर झणझणीत लागत नाही. बोटाच्या पेरासारखा गोल आणि दाट लागतो.

ऐकताना हा क्रम ठेवा. आधी द टेम्पटेशन्सचं ‘माय गर्ल’, १९६४. गाण्याची सुरुवातच एकट्या बेसने होते, गिटार नंतर येते. ओळ अगदी साधी आहे. जेमर्सनला गप्प राहणंही येत होतं, हे इथे दिसतं. मग फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’, १९६७. इथे बेस क्षणभरही एका जागी बसत नाही, तरी गायकाच्या वाटेत येत नाही. शेवटाकडे गाणं संपल्यासारखं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तेव्हा बेस परत कसा शिरतो ते मुद्दाम ऐका.

त्यानंतर मार्विन गे याचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१. हे गाणं आठवडाभर जवळ ठेवा. जेमर्सन मुख्य स्वरावर येतो, पण सरळ येत नाही. लगतच्या स्वरांना स्पर्श करत, मोकळ्या तारेचा स्वर मध्येच वाटसरूसारखा घेत येतो. दोन मात्रांमधल्या पोकळीत तो असा एखादा स्वर ठेवतो, की पुढची मात्रा आपोआप पुढे ढकलली जाते. आणि तरीही ऐकणाऱ्याला बेसिस्ट आपली करामत दाखवतोय असं कधीच वाटत नाही. सगळं मार्विनच्या आवाजासाठी चाललेलं असतं.

याच नावाच्या अल्बमच्या वेष्टनावर मोटाउनने आपल्या वादकांना पहिल्यांदा ठळक श्रेय दिलं. तोवरच्या मोटाउनच्या तबकड्यांवर जेमर्सनचं नाव सहसा नसे. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. मायकेल जॅक्सनने ‘बिली जीन’वर केलेल्या नाचासाठी तो आजही आठवला जातो. ज्याच्या बेसवर मोटाउनचा डोलारा उभा राहिला तो जेमर्सन त्या सोहळ्याला स्वतः तिकीट मिळवून वर गॅलरीत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. पुढे २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली आणि २००२ मध्ये ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ या माहितीपटाने फंक ब्रदर्सची कहाणी जगापुढे आणली. तो माहितीपट मिळवून जरूर पाहा.

मॅकार्टनी आणि कॅरल के

बीटल्सचा पॉल मॅकार्टनी हा डावखुरा. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये त्याने व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस घेतली. तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे डाव्या हाताने उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. जेमर्सनचं ऋण त्याने मोकळेपणी मान्य केलं आहे. ‘सार्जंट पेपर’च्या काळात बाकीचं गाणं ध्वनिमुद्रित झाल्यावर तो शेवटी बेस वाजवू लागला. पूर्ण गाणं समोर असल्याने बेसला स्वतःची चाल देता आली. १९६९ च्या ‘ॲबी रोड’ अल्बममधलं ‘समथिंग’ ऐका. गाणं जॉर्ज हॅरिसनचं आहे, पण त्याच्या सुरावटीखाली मॅकार्टनीची दुसरी पूर्ण सुरावट वाहत असते. फक्त बेस गुणगुणत शेवटपर्यंत जा; ती स्वतंत्र चाल म्हणूनही टिकते.

कॅरल के हिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ते असायला हवं. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ती गिटारवादक होती. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसिस्ट आला नाही, म्हणून तिने बेस हाती घेतली आणि मग हेच तिचं मुख्य वाद्य झालं. ती बोटांऐवजी पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवते, त्यामुळे प्रत्येक स्वराची सुरुवात टोकदार लागते. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्‌स’, १९६६, आणि ग्लेन कॅम्पबेलच्या ‘विचिटा लाइनमन’ची सुरुवात, १९६८, ऐका. जेमर्सनच्या बोटाचा गोल स्वर आणि कॅरलच्या पिकचा रेखीव स्वर लागोपाठ ऐकलेत, की वाद्य एकच असूनही वादकाचा हात कसा ओळखायचा ते समजेल.

लयीचे तीन धडे

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’, १९७३. रॉजर वॉटर्सची बेसलाइन सात मात्रांची आहे. रूपक ताल ऐकलेल्या कानाला सात मात्रा नव्या नाहीत. हाताने मोजत राहा. मधल्या गिटारच्या एकल वादनात गाणं चार मात्रांवर येतं आणि नंतर पुन्हा सातवर जातं. ते दोन्ही सांधे पकडता आले, तर तुमचा हात लयीत पक्का झाला.

स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं ‘थँक यू’, १९६९, बेसवर लॅरी ग्रॅहम. तो तरुणपणी आईबरोबर कार्यक्रम करायचा. संचात ड्रमर उरला नाही, तेव्हा किकची जागा भरायला त्याने अंगठ्याने तारेवर ठोका मारला आणि दुसऱ्या ड्रमची जागा भरायला बोटाने तार ओढून सोडली. आज ज्याला ‘स्लॅप’ म्हणतात ती पद्धत अशी गरजेतून आली. ऐकताना खालचा ‘ठप्प’ आणि वरचा ‘टट्ट’ असे दोन आवाज वेगळे काढा.

बॉब मार्ली अँड द वेलर्सचं ‘स्टर इट अप’, १९७३ च्या ‘कॅच अ फायर’मधलं. बेसवर ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट. रेगेमध्ये बेस जवळजवळ मुख्य गायकाच्या बरोबरीने पुढे असतो. पहिल्या मात्रेवर जोर द्यायची रॉकची सवय इथे सोडावी लागते. बॅरेट मोठ्या जागा मोकळ्या सोडतो आणि गाणं त्या जागांवर डुलतं.

शेवटी जॅको

जॅको पॅस्टोरियस मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्याच्यापासून सुरुवात केली, तर वेगाने माणूस दिपून जातो आणि बाकीचं हातचं सुटतं. फ्लोरिडाच्या या वादकाने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले, खाचा भरल्या आणि वर इपॉक्सीचा थर दिला. पडदे गेले की स्वर बोटाने आणि कानाने शोधावा लागतो, पण मींड मोकळी होते. सारंगी किंवा व्हायोलिन ऐकणाऱ्याला हा आवाज लगेच जवळचा वाटेल. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं ‘कंटिन्युअम’ आधी ऐका, मग ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’. दुसऱ्यात तारेला हलकेच स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सहस्वर आहेत. त्याच वर्षीच्या जोनी मिशेलच्या ‘हेजिरा’ अल्बममध्ये तो गायिकेच्या आवाजाला दुसऱ्या गायकासारखी साथ देतो. १९८७ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. तोवर या वाद्याच्या शक्यता त्याने कितीतरी वाढवल्या होत्या.

आपल्याकडे काय ऐकाल?

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी किती मोठी कामगिरी केली, हे आता बऱ्यापैकी नोंदवलं गेलं आहे. राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या संचात बेस गिटारवर टोनी वाझ असत. सत्तरच्या दशकातली पंचमची गाणी हेडफोनवर पुन्हा ऐका. लहानपणापासून पाठ असलेल्या गाण्यात खाली केवढं काय चाललेलं होतं, ते आता ऐकू येईल. त्या तबकड्यांवरही, मोटाउनसारखीच, वादकांची नावं सहसा छापलेली नसत.

इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा राहुल राम बेस वाजवतो आणि गातोही. तो नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला कार्यकर्ता आहे. २००० सालच्या ‘कांदिसा’ अल्बममध्ये ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं आहे, ते ऐका. आणि आजच्या पिढीत मुंबईची मोहिनी डे. बेसिस्ट वडिलांकडे ती लहानपणापासून शिकली, ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर तिने वाजवलं आणि २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तिच्या वेगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तुम्ही तिहाईसारखे हिशेब ती कसे समेवर आणते ते पाहा.

वाजवायची इच्छा झाली तर

चार तारांची बेस घ्या. पाच-सहा तारांचा मोह नंतर. तारा ई, ए, डी, जी अशा लावतात, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. हात लहान असतील तर आखूड मापाची बेसही मिळते. तिचा सूर काढायला कमी ताण पडतो. गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरला बेस मोठ्या आवाजात जोडू नका, त्याचा स्पीकर फाटू शकतो. बेसचा ॲम्प्लिफायर घ्या किंवा हेडफोनवर सराव करा.

पहिले काही महिने मेट्रोनोमबरोबर एकच स्वर वाजवा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. न वाजणाऱ्या तारा हाताने दाबून गप्प ठेवायला सुरुवातीपासून शिका. नवख्याचा आवाज गढूळ होतो तो याच कारणाने. मग ‘अनदर वन बाइट्‌स द डस्ट’, मग ‘बिली जीन’. जेमर्सनला हात लावायची घाई करू नका. तो आधी ऐकून ऐकून पाठ व्हायला हवा.

वाजवणार नसलात तरी एक काम प्रत्येकाने करावं. गाणं आवडलं की गायक आणि संगीतकार यांच्या नावाबरोबर बेस कुणी वाजवला आहे ते शोधा, वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्याला गाणं ऐकवताना ते नाव मोठ्याने सांगा. या वादकांची नावं कंपन्यांनी वर्षानुवर्षं छापली नाहीत. ती लोकांच्या तोंडी ठेवणं आपल्या हातात आहे.